झाड लावलं राजानं, पाणी घातलं कुणी?

आज आम्ही बोलणार आहोत रस्त्याकडेच्या झाडांबद्दल. बांधावरच्या, परसातल्या किंवा रानातल्या झाडांबद्दल आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय आहे तो वाटेवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सावली देणाऱ्या झाडांचा, आणि त्यातही शहरातल्या, बाजारपेठेतल्या झाडांचा.

तुम्ही म्हणाल, शहरातल्या झाडांशी आपल्याला काय करायचंय? आपल्याकडे झाडं काय कमी आहेत? पण जरा आठवा. आठवडी बाजारात भाजीची पाटी घेऊन दिवसभर कोण बसतं? गटाचा हप्ता भरायला बँकेच्या बाहेर, दाखल्यासाठी तहसीलच्या दारात, लेकराला घेऊन दवाखान्यासमोर उन्हात कोण उभं असतं? दुपारच्या दोनच्या एसटीची वाट बघत डोक्यावर पदर ओढून कोण थांबतं? आपणच. साहेबाच्या खोलीत पंखा असतो, दुकानदाराच्या डोक्यावर पत्रा असतो. बाजारात खाली बसणारीच्या डोक्यावर झाड असलं तर असतं, नाहीतर ऊन. म्हणून रस्त्याकडेच्या झाडाचा इतिहास हा आपलाही इतिहास आहे.

वडाचं झाड आणि राजाचा खांब

आपल्या देशात रस्त्याकडेला झाडं लावल्याचा एक फार जुना लेखी पुरावा आहे सम्राट अशोकाचा. सुमारे 2,250 वर्षांपूर्वी त्यानं दगडी खांबांवर लेख कोरवून घेतले. त्यांतल्या सातव्या लेखात तो सांगतो की आपण रस्त्यांवर वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. वड कशासाठी, तेही त्यानं सांगितलंय. जनावरांना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून. त्या ओळीत जनावरांचं नाव आधी येतं, माणसांचं नंतर. बैलाच्या पाठीवर ओझं लादून ज्यांनी वाट तुडवली असेल, त्यांना यातलं शहाणपण वेगळं सांगायला नको.

हा सातवा लेख एकाच खांबावर आहे. तो खांब मुळात आजच्या हरियाणातल्या टोपरा गावचा. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक यानं तो तिथून उचलून दिल्लीला नेला. सावरीच्या कापसाच्या गाद्यांवर खांब हळूच आडवा केला, 42 चाकांच्या गाड्यावर चढवला आणि यमुनेतून नावांवरून नेला. एवढा खटाटोप केला खरा, पण त्यावर लिहिलंय काय हे तेव्हा कुणालाच वाचता येईना. ती लिपी उलगडली 1837 साली, जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून. म्हणजे वडाच्या सावलीची ही गोष्ट शेकडो वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर उभी होती आणि कुणाला वाचता येत नव्हती. अशोकाच्या दुसऱ्या लेखांचे तुकडे आपल्या महाराष्ट्रातही सापडलेत, वसईजवळच्या सोपाऱ्याला. सोपारा तेव्हा मोठं बंदर होतं.

अशोकानं आणखी एक गोष्ट मोकळेपणानं लिहिली आहे. अशा सोयी आपल्या आधीच्या राजांनीही केल्या होत्या, असं तो म्हणतो. म्हणजे ही चाल त्याच्याही आधीची.

पुढेही ती चालू राहिली. सोळाव्या शतकात शेरशाह सुरीनं बंगालपासून सिंधू नदीपर्यंतचा मोठा रस्ता नीट केला, त्यावर दर दोन कोसांना सराई बांधली आणि दोन्ही बाजूंना फळझाडं लावायला सांगितली. बादशहा जहांगीरनंही आग्र्याहून निघणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर झाडांच्या रांगा लावण्याचा हुकूम काढला होता.

या सगळ्या नोंदींत एक गोष्ट मात्र गाळलेली आहे. हुकूम राजाचा, नाव राजाचं. पण रोपाभोवती आळं कुणी केलं? चैत्र-वैशाखात घागरी कुणी वाहिल्या? शेळ्यांना हुसकावलं कुणी? ते कोणत्याच खांबावर कोरलेलं नाही.

रयतेचं झाड, लेकरासारखं

आपल्या मातीतला एक कागद मात्र या बाबतीत वेगळा आहे. शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराची रीत पुढच्यांना कळावी म्हणून रामचंद्रपंत अमात्यांनी 1716 च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यात आरमारासाठी लाकूड कुठून आणि कसं आणावं हे सांगितलंय. साग वगैरे लाकूड परवानगीनं जंगलातून आणावं. पण आंबा, फणस यांसारख्या झाडांना हात लावू नये, असं त्यात बजावलंय. का? तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. झाड अगदीच जीर्ण झालेलं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, मगच तोडावं.

आम्हाला या कागदाचं मोल फार वाटतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला एवढं कळत होतं की झाडाच्या मागे माणसाचे कष्ट असतात, आणि झाड तोडायचं तर आधी त्या माणसाला विचारायचं असतं.

आणि वाटसरूच्या उन्हाची काळजी म्हटली की अहिल्यादेवी होळकरांचं नाव घ्यायलाच हवं. त्यांचा जन्म आपल्या नगर जिल्ह्यातल्या चौंडीचा. 1767 ते 1795 अशी अठ्ठावीस वर्षं त्यांनी राज्य सांभाळलं. देशभर विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या. त्यांच्यानंतर माळव्यात आलेल्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथल्या लोकांकडून ऐकलेल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. उन्हाळ्यात वाटांवर पाणी द्यायला माणसं नेमलेली असत. महेश्वरच्या आसपास तर शेतात नांगर ओढणाऱ्या बैलांना मध्येच थांबवून अहिल्यादेवींचे सेवक पाणी पाजत. उन्हाळ्याची खरी झळ कुणाला बसते, हे त्या बाईला नेमकं ठाऊक होतं.

शहरांची झाडं आणि सावलीची वाटणी

मग इंग्रजांच्या काळात शहरं वाढली आणि झाडं लावण्याला आराखडा आला. 1911 साली दिल्लीला राजधानी करायचं ठरलं. नवी दिल्ली बांधताना कोणत्या रस्त्याला कोणतं झाड, हे आधीच ठरवलेलं होतं. कुठे कडुनिंबाची रांग, कुठे जांभळाची, कुठे अर्जुनाची, कुठे चिंचेची. झाडं निवडली ती बहुतेक आपल्याच देशातली, उन्हाला टिकणारी आणि दाट सावलीची. आजही त्या रस्त्यांवरून उन्हाळ्यात चालताना शहराच्या इतर भागांपेक्षा वेगळं वाटतं. पावसाच्या तोंडाला त्याच जांभळांखाली जांभळं वेचून विकणारी कुटुंबं बसलेली दिसतात.

दक्षिणेत बंगळुरूचं तसंच झालं. म्हैसूर संस्थानाच्या नोकरीत असलेला गुस्ताव क्रुंबिगल हा जर्मन बागतज्ज्ञ 1908 च्या सुमारास तिथल्या लालबागेचं काम बघायला लागला. एका झाडाचा बहर सरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, वर्षभर शहरात कुठे ना कुठे फुलं दिसावीत, अशा हिशेबानं त्यानं झाडांची निवड केली.

हे सगळं चांगलंच झालं. पण एक गोष्ट नजरेआड करू नका. रुंद, सावलीचे रस्ते मिळाले ते साहेबांच्या बंगल्यांच्या बाजूला. मजूर राहत होते त्या दाटीच्या गल्ल्यांत झाडाला जागाच ठेवली नव्हती. आजही तालुक्याच्या गावात बघा. सरकारी बंगल्याच्या आवारात मोठाली झाडं असतात आणि बाजारतळावर ऊन मी मी म्हणत असतं. पाण्याची वाटणी असते, रस्त्याची वाटणी असते, तशी सावलीचीही वाटणी असते.

झाड आणि माठ

सावली म्हणजे नुसतं ऊन अडवणं, असं आपल्याला वाटतं. छत्री घेतली काय आणि झाडाखाली बसलो काय, सारखंच? नाही. पत्र्याच्या शेडखाली बसून बघा आणि कडुनिंबाखाली बसून बघा. पत्रा तापतो आणि ती झळ खाली टाकतो. झाड तसं करत नाही.

याचं कारण आपल्या घरातल्या माठातच आहे. माठाच्या अंगातून पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती आतली उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातलं पाणी गार राहतं. झाडही तेच करतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतल्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं आणि आजूबाजूची हवा निवते. एक मोठं झाड म्हणजे रस्त्यावर ठेवलेला भलामोठा माठच. पण माठात पाणी असेल तरच तो गार. झाडाच्या मुळाशी सिमेंट ओतून टाकलं, पाणी मुरायला जागाच ठेवली नाही, तर ते गारवा देणार कुठून?

बंगळुरूतच हरिणी नगेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यांवर जाऊन मोजमाप केलं. तो अभ्यास 2013 साली छापून आला. झाडं असलेला रस्त्याचा भाग आणि झाडं नसलेला भाग यांची त्यांनी तुलना केली. दुपारच्या हवेत 5.6 अंश सेल्सिअसपर्यंत फरक निघाला. आणि डांबराच्या पृष्ठभागाचं तापमान? त्यात तर 27.5 अंशांपर्यंत फरक होता. अनवाणी चालणाऱ्या, रस्त्याकडेला फडकं अंथरून बसणाऱ्या बाईच्या दृष्टीनं हा आकडा किती मोठा आहे, याचा विचार करा.

ही केवळ सुखसोयीची गोष्ट नाही. मे 2010 मध्ये अहमदाबादेत उष्णतेची मोठी लाट आली, पारा 46 अंशांच्या वर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर 2013 साली त्या शहरानं उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला. ऊन जीव घेतं, आणि उन्हात बसून कमावणाऱ्यांना त्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

तिम्मक्कांची रांग

आता त्या प्रश्नाकडे परत येऊ. पाणी कुणी घातलं? इतिहासात एका ठिकाणी याचं उत्तर नावासकट मिळतं.

कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात जन्मलेल्या तिम्मक्का. शाळेचं तोंड बघितलेलं नाही. दगडाच्या खाणीत मजुरी करायच्या. लग्न होऊन मागडी तालुक्यातल्या हुलिकल गावी आल्या. नवऱ्याचं नाव चिक्कय्या, तेही मजुरीच करायचे. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल झालं नाही. मूल नसलेल्या बाईला गाव काय काय ऐकवतं, ते आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

या दोघांनी ठरवलं, झाडं वाढवू. गावाजवळच्या वडांपासून रोपं तयार केली. पहिल्या वर्षी 10 रोपं हुलिकल ते कुदूर या रस्त्यावर लावली, दुसऱ्या वर्षी 15, तिसऱ्या वर्षी 20. आकडे किती लहान आहेत बघा. एका दिवसात लाखो रोपं लावल्याच्या बातम्या आपण ऐकतो. इथे वर्षाला दहा, पंधरा, वीस. पण लावलेलं प्रत्येक रोप त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. लागवड ते पावसाळ्यातच करायचे, म्हणजे पहिले काही महिने आभाळच पाणी घालायचं. नंतरचं पाणी दोघं वाहून न्यायचे, कधी चार-चार किलोमीटर. गुरांनी खाऊ नये म्हणून रोपांना काट्यांचं कुंपण करायचे.

असं करत करत 385 वड उभे राहिले. 1991 साली चिक्कय्या वारले. तिम्मक्का एकट्या राहिल्या, पण झाडं मोठी झाली होती. लोक त्यांना ‘सालुमरद तिम्मक्का’ म्हणू लागले. कानडीत ‘सालुमर’ म्हणजे ओळीनं उभी असलेली झाडं. जिला गावानं वांझ म्हणून हिणवलं असतं, तिचं नावच झाडांच्या रांगेवरून पडलं. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली. राष्ट्रपती भवनात पुरस्कार घेताना त्यांनी राष्ट्रपतींच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, ते चित्र देशभर गेलं.

आणि त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. रस्ता रुंद करायचा म्हणून त्या वडांवर कुऱ्हाड येण्याची वेळ आली. शंभरी ओलांडलेल्या तिम्मक्कांना स्वतः मुख्यमंत्र्यांकडे दाद मागावी लागली. झाडं वाचवून दुसरा मार्ग काढू, असं सरकारनं सांगितलं. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये तिम्मक्का गेल्या. त्यांचं वय 114 असल्याचं सांगितलं गेलं.

आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात आपल्या आया आणि सासवा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेल्या होत्या. तिम्मक्काही दगड फोडणाऱ्याच. रस्ता बांधणारे हात आणि रस्त्यावर सावली धरणारे हात एकाच घरातले असतात, एवढंच आम्हाला यातून सांगायचंय.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात शहरांसाठी झाडांचा कायदा 1975 पासून आहे. महानगरपालिका असो वा नगरपरिषद, वृक्ष प्राधिकरण नेमावं लागतं आणि परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. 2021 साली त्यात बदल झाला. 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून वेगळा मान मिळाला. झाड तोडायचीच वेळ आली, तर त्याचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. म्हणजे साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपं. हिशेब कागदावर चोख आहे. पण साठ रोपांची सावली मिळून एका वडाएवढी व्हायला किती उन्हाळे जातील? आणि तोवर त्या वडाखाली बसणारी बाई कुठे बसेल?

लोकांनी आवाज उठवला तर फरक पडतो, हेही खरं. 2020 साली सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड महामार्गाच्या आड येत होता. गावकरी आणि झाडांवर माया करणारी माणसं पुढे आली आणि रस्त्याची आखणी बदलली. पण दोनच वर्षांनी, 2022 च्या पावसाळ्याच्या तोंडाला, तो वड कोसळला. तेव्हा झाड वाचवणं म्हणजे नुसती कुऱ्हाड थांबवणं नव्हे. जमिनीवर पसारा दिसतो, तसा मुळांचा पसारा जमिनीखालीही असतो. त्या मुळांना माती, पाणी आणि हवा मिळत राहिली पाहिजे. दिल्लीत तर 2013 साली हरित न्यायाधिकरणाला आदेश द्यावा लागला की झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढून टाका.

गटाच्या बैठकीसाठी

मैत्रिणींनो, एवढ्या मोठ्या इतिहासातून आपण काय घ्यायचं? आम्ही चार गोष्टी सुचवतो. गटाच्या पुढच्या बैठकीत त्यावर बोला.

एक, बाजारतळ, एसटी थांबा, दवाखाना, शाळेचा रस्ता, या जागा फिरून बघा. दुपारी बारा ते चार या वेळात सावली कुठे आहे आणि बायका कुठे बसतात, ते कागदावर मांडा. तो कागद ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत नेऊन द्या. ‘झाडं लावा’ असा मोघम अर्ज बाजूला पडतो. ‘या जागी तीन झाडं हवीत’ असं लिहिलेला अर्ज टाळायला अवघड जातो.

दोन, रोप लावायचं ते वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ असं आपल्या मातीतलं, जागा बघून. विजेच्या तारेखाली आणि भिंतीला चिकटून वड लावू नका. पुढे तोच तोडावा लागतो. रस्त्याकडेला कंबरेएवढं तरी वाढलेलं रोप लावा. फार लहान रोप गुरं आणि गाड्यांपुढे टिकत नाही.

तीन, कुणी रोपं वाटायला आलं की आधी विचारा, पाण्याचं काय? पहिले तीन उन्हाळे रोपाला माणूस लागतो. ते काम बायकांकडून फुकट करून घेऊ नका, असं स्पष्ट सांगा. रोपवाटिका आणि झाडांची राखण हे मोबदल्याचं काम आहे आणि ते गटाला मिळालं पाहिजे.

चार, वटपौर्णिमेला शहरांत वडाच्या फांद्या तोडून विकतात आणि बायका त्या विकत घेऊन पुजतात. ज्या झाडाकडे दीर्घायुष्य मागायचं, त्याचेच हात-पाय तोडायचे, हे काही बरोबर नाही. उभ्या वडापाशी जाऊ. जवळपास वड नसेल, तर त्या पावसाळ्यात एक लावू आणि पुढच्या वर्षी त्याचीच पूजा करू.

अशोकाच्या खांबावर पाणी घालणाऱ्यांची नावं नाहीत. आपण आपल्या झाडांची वही ठेवू या. झाड कोणतं, कधी लावलं, कोणत्या महिन्यात कुणी पाणी घातलं, सगळं लिहू. उद्या रस्ता रुंद करायला कुणी आलं, तर ही वही त्यांच्यापुढे ठेवता येईल. मग झाडाला हात लावण्याआधी त्यांना आपल्याला विचारावं लागेल. आणि आपल्या नातींना झाडाबरोबर ते वाढवणारीचं नावही कळेल.